काळी-पिवळीतलं जर्मन इंजिन

जिंतूरला रेल्वे नाही. परभणीला आहे, सेलूला आहे, आमच्याकडे नाही. त्यामुळे आमच्या गावाचा जगाशी जो काही संबंध आला तो डांबरी रस्त्यावरून आला, आणि माझ्या लहानपणी त्या रस्त्यावर दोनच गोष्टी चालायच्या. एक लाल एसटी आणि दुसरी काळी-पिवळी. एसटी वेळेवर सुटायची (असं वेळापत्रकात लिहिलेलं असायचं) आणि काळी-पिवळी भरली की सुटायची. भरली म्हणजे किती, याचं उत्तर गणितात नाही. पुढे ड्रायव्हरच्या उजव्या मांडीला लागूनही एक माणूस बसलेला असायचा आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर.

थंडीच्या दिवसांत सकाळी पहिल्या फेरीला ड्रायव्हर चावी अर्धवट फिरवून थांबायचा. डॅशबोर्डवर एक लहानसा पिवळा दिवा लागायचा. "हीटर घेऊ दे," म्हणायचा. दिवा विझला की चावी पुढे, आणि खड्डड करत ट्रॅक्स सुरू व्हायची. झरी, बोरी, परभणी असं ओरडणारा क्लीनर मागच्या दाराला लटकायचा. एकदा मी त्या ड्रायव्हरला विचारलं होतं की हिचा आवाज जीपपेक्षा वेगळा का येतो. तो म्हणाला, "मर्सिडीजचं इंजिन हाय बेटा हे." आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी मोठ्या गोष्टीची भाची-पुतणी असते, त्यातलाच हा प्रकार असणार असं वाटलं.

तो खरं बोलत होता. हे मला कळायला पंधराएक वर्षं लागली आणि कळलं तेही माझ्या मावसभावामुळे. त्याने २०१६ साली पुण्याहून एक जुनी मर्सिडीज आणून अंगणात उभी केली तेव्हा.

त्या गाडीकडे येतोच. आधी इंजिनाचं सांगतो, कारण ते आमच्याकडे गाडीच्या कितीतरी आधी आलं.

'टेम्पो' हा शब्द आपण इतका मराठी करून टाकलाय की त्याचं मूळ कुणी विचारत नाही. टेम्पो ही जर्मनीतल्या हँबर्गची कंपनी होती, तीनचाकी मालगाड्या बनवणारी. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली आणि त्या तीनचाकी गाड्या भारतात बनायला लागल्या. आधी मुंबईत गोरेगावला, मग पुण्याजवळ आकुर्डीला. कंपनीचं नाव लोकांनी वस्तूला दिलं. आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी असली तरी आपण तिला टेम्पोच म्हणतो. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते.

तर या आकुर्डीच्या कंपनीने ऐंशीच्या दशकात डायम्लर-बेंझकडून एका डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. इंजिनाचं नाव ओएम ६१६. चार सिलिंडर, २.४ लिटर. हे इंजिन जर्मनीत कशात बसायचं? २४०डी नावाच्या मर्सिडीज सेडानमध्ये. १९७६ ते १९८५-८६ या काळात बनलेली डब्ल्यू १२३ मालिका, जी जगभरात जवळपास २७ लाख विकली गेली, तिच्यातलं हे कष्टाळू आणि आळशी इंजिन. कष्टाळू अशासाठी की ते मरत नसे. आळशी अशासाठी की शून्यावरून शंभरच्या वेगाला जायला त्याला वीस सेकंदांहून जास्त लागायचे. ७२ हॉर्सपॉवर, तीसुद्धा १९७९ नंतर. आधी ६५च.

एवढी मंद गाडी जर्मन लोक का घ्यायचे? कारण ती टॅक्सी होती. आपल्याला मर्सिडीज म्हटलं की हिरो, मंत्री, बिल्डर दिसतात. जर्मनीत ऐंशीच्या दशकात रेल्वे स्टेशनबाहेर उभी असलेली, हस्तिदंती रंगाची, डिझेलचा वास येणारी, लाखो किलोमीटर पळालेली गाडी म्हणजे मर्सिडीज. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची २४०डी, याच्याही आधीच्या मालिकेतली, ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली.

म्हणजे बघा, ते इंजिन तिकडेही टॅक्सीतच होतं आणि इकडेही टॅक्सीतच आलं. रंग तेवढा बदलला, हस्तिदंतीचा काळा-पिवळा झाला. ओएम ६१६ टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसलं, ट्रॅक्समध्ये बसलं. पुढे त्याचं २.६ लिटरचं रूप झालं, डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं, आणि क्रूझरपासून गुरखापर्यंत ते कुळ चालत राहिलं. जर्मनीत चार माणसं आणि एक सुटकेस ओढण्यासाठी आखलेलं यंत्र आमच्या रस्त्यावर चौदा माणसं, दोन सायकली, तुरीचं पोतं आणि एक शेळी ओढत होतं. कुणी मोजलं नाही म्हणून, नाहीतर संग्रहालयात ठेवण्याजोगी एखादी गाडी बोरी-जिंतूर रस्त्यावर नक्कीच सापडली असती.

मग प्रश्न असा की इंजिन आलं, तर गाडी का नाही आली?

उत्तर सोपं आहे आणि तुमच्या वयाच्या वाचकाला ते खरं वाटणार नाही. ऐंशीच्या दशकात पैसे असले तरी परदेशी गाडी विकत घेता येत नव्हती. ॲम्बॅसेडर होती, कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी होती, डिसेंबर १९८३ पासून मारुती आली. बाहेरची गाडी आणायची तर परवाना आणि भरमसाट सीमाशुल्क. त्यातून वाट काढायचे दोन-तीनच मार्ग. परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तिथे नंबर लावायचा. किंवा आखातात, युरोपात नोकरी करून कायमचं परत येणाऱ्याने स्वतःच्या वापरातली गाडी सोबत आणायची. त्यामुळे त्या काळातल्या भारतातल्या मर्सिडीजमागे बहुतेक वेळा एखादा वकिलातीचा अधिकारी, परत आलेला इंजिनिअर किंवा सिनेमावाला असतो. जिंतूरच्या कापूस व्यापाऱ्याला ती मिळायची शक्यता शून्य.

गंमत म्हणजे तो तीन टोकांचा तारा मात्र खेड्यापाड्यात सगळ्यांनी पाहिलेला होता. टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा ट्रकसाठीचा करार १९५४ पासून १९६९ पर्यंत पंधरा वर्षं चालला, आणि त्या काळातल्या ट्रकच्या तोंडावर तो तारा असायचा. आमच्या आजोबांच्या पिढीला मर्सिडीज म्हणजे ट्रक. सरकी आणि गूळ नेणारा.

शेवटी गाडी आली ती १९९५ मध्ये. आर्थिक धोरण १९९१ ला बदललं, १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली, टेल्कोच्या भागीदारीत, आणि टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात सुट्या भागांतून गाड्या जोडायला सुरुवात झाली. पहिली गाडी डब्ल्यू १२४. पेट्रोलची ई २२० आणि डिझेलची ई २५०डी.

आता इथे जरा थांबतो, कारण ही गाडी थांबण्याजोगी आहे.

डब्ल्यू १२४ जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आली. डिझाइनचा प्रमुख ब्रुनो साको, इटलीत जन्मलेला माणूस. बाहेरून पाहिलं तर ती साधी दिसते, चौकोनी, जरा शिक्षकी चेहऱ्याची. पण मागून बघा. डिकीच्या बाजू वर जाताना आत झुकत जातात, कारण मागे हवा कमी घुटमळावी. हवेचा रोध मोजायचा आकडा या गाडीत ०.३० च्या आसपास होता आणि चौकोनी दिसणाऱ्या गाडीसाठी त्या काळात तो थक्क करणारा होता. डिकीचं झाकण थेट बंपरपर्यंत उघडतं, म्हणजे जड सामान उचलून आत टाकावं लागत नाही. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं आहे, खड्ड्यात चाक वर गेलं तरी त्याचा कल फारसा बिघडू नये म्हणून. आणि वायपर! एकच वायपर. पण तो नुसता अर्धगोल फिरत नाही. फिरता फिरता कोपऱ्यात लांब होतो, मध्ये आखूड होतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. माझ्या भावाच्या अंगणात पहिल्या पावसात आम्ही सातआठ जण गाडीत बसून नुसता वायपर बघत होतो. गाडी बंद. मावशीने आतून विचारलं, "काय बघायलात रे एवढं?" सांगता येईना.

पण भारतात ही गाडी आली तेव्हा एक गडबड झालेली होती. त्याच १९९५ मध्ये युरोपात तिच्या जागी नवी, गोल डोळ्यांची ई-क्लास आली. म्हणजे तिकडे निरोप घेतलेली गाडी आपल्याला नवी म्हणून मिळाली, आणि आपल्या श्रीमंतांना हे समजत नव्हतं असं नाही. गाड्या अपेक्षेपेक्षा फारच कमी खपल्या. त्यावेळी 'जुना माल दिला' अशी चर्चा झाली. आज मागे वळून पाहताना मला वाटतं की आपल्याला नकळत चांगलाच माल मिळाला. नव्या मॉडेलपेक्षा जुन्यात इलेक्ट्रॉनिक्स कमी होतं, पत्रा जाड वाटायचा, आणि डिझेल इंजिनाचा बॉशचा पंप असा होता की पंपवाला त्याला ओळखत होता.

हा पंपवाला महत्त्वाचा आहे. बॉशची भारतातली कंपनी मायको १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झाली, पुढे तिचा कारखाना नाशिकलाही आला. ट्रक, ट्रॅक्टर, पाणबुडीआधीचे शेतीचे इंजिन पंप, सगळ्यांना मायकोचे पंप आणि नोझल. त्यामुळे तालुक्याच्या गावात काहीही नसलं तरी डिझेल पंप खोलून साफ करून पुन्हा लावणारा माणूस असतो. आपल्याकडे जर्मन यंत्रविद्या शोरूममधून आली नाही, ती अशी मागच्या दाराने आली आणि तेलकट हातांनी शिकली गेली. म्हणूनच १९९६ सालची ई २५०डी जिंतूरला चालू राहू शकते. त्याच वर्षीची पेट्रोल गाडी कदाचित नसती राहिली. नव्वदच्या सुरुवातीच्या काही वर्षांत या गाड्यांच्या इंजिनातल्या वायरिंगवर जे आवरण वापरलं गेलं ते उष्णतेने कडक होऊन गळून पडायचं, हे जगभरातल्या मालकांना माहीत आहे. मराठवाड्याचा मे महिना त्याला सोसला नसता.

मर्सिडीज आणि मराठवाडा म्हटलं की लोकांना ऑक्टोबर २०१० आठवतो. तेव्हाच्या औरंगाबादेत एका गटाने एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार, स्टेट बँकेचं कर्ज, देशभर बातम्या. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशी ती मंडळी होती आणि त्यांचं म्हणणं होतं की आमच्या शहराला कुणी ओळखत नाही, आता ओळखतील. ओळखलंही. मला त्या बातमीचं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं आणि थोडा रागही आला होता, दोन्ही एकदम. कारण त्याच बातम्यांमध्ये मराठवाडा एरवी यायचा तो दुष्काळ आणि आत्महत्यांसाठी. दीडशे गाड्यांनी ते चित्र बदललं असं मला वाटत नाही. पण एक नक्की झालं. आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात ती गाडी आपल्याला शक्य नसलेल्यांच्या यादीतून बाहेर आली. माझा भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तेव्हा बावीस वर्षांचा होता.

सहा वर्षांनी सोयाबीनच्या एका बऱ्या हंगामानंतर तो पुण्याला गेला आणि नव्या मोटारसायकलच्या दीडपट किमतीत ती गाडी घेऊन आला. एवढ्या स्वस्तात का? कारण पंधरा वर्षं उलटलेली डिझेल मर्सिडीज पुण्यात कुणालाच नको असते. एमएच १२ ची पाटी, गडद हिरवा रंग, मागच्या सीटवर आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस. घरी आल्यावर काका, म्हणजे त्याचे वडील, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बैल विकून हत्ती आणला."

आणि मग सुरू झालं ते 'करून घेणं'. गाडी करून घ्यायची, हा आमच्याकडचा शब्द. पांढरा रंग मारू. मोठे अलॉय टाकू. खाली बसवू. मागे स्पॉयलर. लग्नात नवरदेवासाठी गाडी मागायला लोक घरी यायला लागले होते आणि प्रत्येकाला ती पांढरी हवी होती.

गाडी करून घेणं हे काही आमच्याच गावंढळपणाचं लक्षण नाही. या गाडीला तर तो वारसाच आहे. १९६७ मध्ये दोन इंजिनिअरांनी सुरू केलेल्या एएमजी या छोट्या दुकानाने १९८६ मध्ये याच डब्ल्यू १२४ च्या नाकात मोठं व्ही-८ इंजिन कोंबलं. लोकांनी तिला 'हॅमर' म्हटलं. पुढे १९९० च्या सुमारास कंपनीने स्वतःच व्ही-८ ची ५००ई काढली आणि ती जोडण्यात पोर्शची मदत घेतली. तेच एएमजी आज मर्सिडीजचा भाग आहे. फिनलंडमध्ये तर आजही पोरं या जुन्या डिझेल गाड्यांना मोठे पंप आणि टर्बो लावून बर्फावर काळा धूर सोडत पळवतात. म्हणजे जगात सगळीकडे बावीस-पंचवीसची पोरं जुनी मर्सिडीज घेऊन हेच करत आली आहेत. फरक एवढाच की त्यातल्या काहींची कंपनी झाली.

दादाने रंग बदलला नाही. अलॉयही नाही. पैसे संपले हे एक कारण. दुसरं कारण २०१९ मध्ये आलं.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं सांगतं की कंपनीने जी मूळ वैशिष्ट्यं दिली आणि नोंदणीत लिहिली गेली, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ठामपणे शिक्कामोर्तब केलं. रंग बदलायचा तर आरटीओकडे नोंद करून बदलता येतो. सांगाडा, मूळ रचना यांना हात लावायचा नाही. त्या निकालानंतर गावातल्या मॉडिफाय केलेल्या जीपवाल्यांची काही दिवस चांगलीच धांदल उडाली.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात दादाच्या गाडीचं इंजिन तापलं. येलदरीहून येताना. रेडिएटरची नळी वयाने पिचलेली होती, ती फुटली, आणि आमच्या लक्षात येईपर्यंत हेडला तडा गेला होता.

स्टँडजवळच्या गॅरेजवाल्या चाचांनी सगळं खोलून पाहिलं. आमच्या गावातल्या निम्म्या काळ्या-पिवळ्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादाराव, ह्याचं हेड शोधत बसशील तर म्हातारा होशील. माझ्याकडं क्रूझरचं इंजिन पडलंय, चालू हालतीतलं. बसवून टाकू की. दोन्ही एकाच घरची लेकरं."

मला ती कल्पना इतकी आवडली की मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं असतं. चाळीस वर्षांपूर्वी सेडानमधून निघून आकुर्डीमार्गे आमच्या काळी-पिवळीत आलेलं इंजिन पुन्हा सेडानमध्ये परत जाणार. गोष्टीचं वर्तुळ पूर्ण. पण गोष्ट माझी होती, गाडी दादाची होती. आणि दादाने पहिला प्रश्न विचारला तो कागदाचा. आरसीवर इंजिन नंबर एक, गाडीत दुसरा, कंपनी दुसरी, क्षमता दुसरी. ते आरटीओत पास होणार नाही. अपघात झाला तर विमा मिळणार नाही. "पकडतंय कोण जिंतूरला," असं एक जण म्हणाला. दादा म्हणाला, "लग्नाला देतो मी ही गाडी. नवरदेव बसतो तिच्यात."

दहा महिने गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. काकांनी त्या काळात तिच्या टपावर कुरड्या वाळवल्या. हेड शेवटी मुंबईला भंगारातल्या एका गाडीचं मिळालं, आणि तेवढ्या पैशात क्रूझरचं इंजिन दोनदा आलं असतं. चाचांनी हेड बसवलं, पहिल्यांदा चावी अर्धी फिरवून थांबले, आणि सवयीने म्हणाले, "हीटर घेऊ दे."

आता प्रश्न दुसराच आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी फिटनेस. १९९६ ची गाडी २०११ ला, २०१६ ला, २०२१ ला पास झाली. २०२१ ला फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारींना ती ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना १०,०००. आयात केलेली असती तर ८०,००० लागले असते. पिंपरीत जोडली गेली म्हणून दादाची गाडी कागदावर भारतीय आहे, ही त्यातली कृपा. जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेजचा वेगळा नियम केला, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची हवी. म्हणजे हिला अजून वीस वर्षं काढावी लागणार. तोपर्यंत ती ना नवी, ना व्हिंटेज, नुसती जुनी. आणि हिच्यासारखी दुसरी बाहेरून आणताही येत नाही, कारण वापरलेली परदेशी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. आपल्याकडे ज्या आहेत तेवढ्याच आहेत, दर वर्षी थोड्या कमी.

काळ्या-पिवळ्याही आता विरळ झाल्या आहेत. ज्याच्या त्याच्याकडे मोटारसायकल आली, छोट्या व्हॅन आल्या. चाचांच्या गॅरेजमागे तीन ट्रॅक्स उभ्या आहेत, चाकं नसलेल्या. त्यातल्या एकीचं बॉनेट उघडं आहे आणि आत इंजिन अजून आहे. दादा मधूनमधून जाऊन बघून येतो. घ्यायचं नाही म्हणतो, पण चाचांना ते भंगारातही देऊ देत नाही.

पुढच्या महिन्यात परभणीला फिटनेसची तारीख आहे. वायपरचं रबर अजून मिळालेलं नाही.